'राहणे' या क्रियापदाचे अर्थ व मूळ : बाळापूरच्या बोलीच्या आधारे काही विचार

१

मराठीच्या ऐतिहासिक अभ्यासात ग्रामनामांची, देवनामांची आणि कुलनामांची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने नित्याच्या क्रियापदांकडे लक्ष कमी गेले. जे क्रियापद मनुष्य दिवसातून शंभर वेळा उच्चारतो, त्याला काही इतिहास असेल अशी शंका सहसा येत नाही. 'राहणे' हे असेच एक क्रियापद होय. त्याचे अर्थ अनेक आहेत, आणि त्यांपैकी एक अर्थ वऱ्हाडात व नागपूरकडे जसा रूढ आहे तसा पुण्याकडे नाही. या एका अर्थामुळे वऱ्हाडी माणसाचे मराठी 'अशुद्ध' किंवा 'हिंदी वळणाचे' ठरविले जाते. हा निर्णय कितपत साधार आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करू. 'रामाचे जेवायचे राहिले' असे पुण्यात किंवा बाळापुरात कोणीही म्हटले, तर रामा जेवलेला नाही असा अर्थ होतो. 'रामा जेवून राह्यला' असे बाळापुरात म्हटले, तर रामा या क्षणी जेवत आहे असा अर्थ होतो. हेच वाक्य वऱ्हाडाशी परिचय नसलेल्या माणसाच्या कानी पडले, तर रामाचे जेवण आटोपले आणि मग तो मुक्कामाला थांबला, असे तो समजेल. तेव्हा एकाच क्रियापदाच्या योगाने क्रिया झाली नाही, क्रिया चालू आहे आणि क्रिया संपली असे तीन परस्परविरुद्ध अर्थ निष्पन्न होऊ शकतात.

हा भेद केवळ कौतुकाचा नाही. समजा, एखाद्या जुन्या कज्जात साक्षीदाराने 'तो पैसे देऊन राह्यला होता' असे सांगितले आणि कारकुनाने ते तसेच लिहून घेतले. बाळापूरच्या बोलीप्रमाणे त्याचा अर्थ, तो पैसे देत होता, म्हणजे देणे अद्याप पुरे झाले नव्हते. बोलीशी अपरिचित वाचक मात्र पैसे देऊन झाले होते असे समजेल. ऋण फिटले की नाही, हा निर्णय येथे एका क्रियापदावर अवलंबून आहे. जबान्या, अर्ज, खाजगी पत्रे ही ज्यांची साधने आहेत, त्या इतिहासाभ्यासकांना म्हणूनच हा विषय परका मानता येणार नाही.

२

'राहणे'चे प्रचलित अर्थ पाहिले असता त्यांत एक सूत्र दिसते. तो अकोल्यास राहतो, म्हणजे वस्ती करतो. गाडी वाटेतच राहिली, म्हणजे थांबली. पाच रुपये राहिले, म्हणजे उरले. सांगायचे राहिले, म्हणजे झाले नाही. दिवस राहिले, म्हणजे गर्भ धारण झाला. तो बोलत राहिला, म्हणजे त्याने बोलणे थांबविले नाही. 'राहवत नाही' या प्रयोगात स्वतःला आवरून धरण्याचा अर्थ आहे, तर 'राहून राहून' याचा अर्थ पुनःपुन्हा असा होतो. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये व दुसरी १८५७ मध्ये निघाली. तेव्हापासून असे अर्थ कोशांत अनुक्रमाने मांडले जातात, पण ते एकमेकांतून कसे निघाले हे अनुक्रमावरून कळत नाही.

या सर्व अर्थांच्या मुळाशी 'मागे उरणे' ही कल्पना आहे असे म्हणावयास हरकत नाही. बाकीचे गेले, हे उरले. जे उरले ते जागीच थांबले, आणि जे जागी थांबले त्याने तेथे वस्ती केली. ज्या कामाची पाळी येऊन गेली आणि जे तसेच मागे उरले, ते करावयाचे राहिले. या कल्पनेला संस्कृतातही आधार सापडतो. धातुपाठात 'रह' हा धातू त्याग या अर्थी दिलेला आहे. 'रहित', 'विरह' हे शब्द त्याचेच, आणि एकान्त या अर्थाचा 'रहस्' हा शब्दही त्याच कुळात गणला जातो. सोडणे, सोडले जाणे, मागे उरणे, राहणे अशी ही परंपरा लावता येते. ती मान्य केली तर 'विरह' आणि 'राहणे' ही एकाच मुळाची दोन अपत्ये ठरतात. जो गेला त्याच्या बाजूने पाहिले तर विरह, आणि जो मागे उरला त्याच्या बाजूने पाहिले तर राहणे.

इतर भाषांतील सामान्य क्रियापदांचीही स्थिती अशीच आहे. इंग्रजीतील 'कीप' हे क्रियापद तेथील शाळकरी मुलालाही परिचित असते. ते इसवी सनाच्या हजाराच्या सुमारास ग्रंथांत पकडणे, लक्ष ठेवणे अशा अर्थांनी दिसू लागते, परंतु जर्मन किंवा डच या भगिनीभाषांत त्याचे निश्चित नातलग सापडत नाहीत. तेच क्रियापद पुढे 'करीत राहणे' या अर्थीही वापरले जाऊ लागले. धरून ठेवणे, थांबणे, उभे असणे अशा अर्थांची क्रियापदे क्रियेचे सातत्य दाखविण्याच्या कामी येतात, ही गोष्ट अनेक भाषांत दिसते. लॅटिनमधील 'स्तारे' म्हणजे उभे राहणे. त्यापासून आलेले क्रियापद आज स्पॅनिश व इटालियन भाषांत चालू क्रियेचे साहाय्यक आहे. म्हणून 'राहणे'सारख्या क्रियापदाने वऱ्हाडात चालू वर्तमानकाळाचे काम पत्करले, यात विकृत असे काही नाही. ते केव्हा व कोणत्या वाटेने घडले, हा खरा प्रश्न आहे.

३

'जाऊन राह्यला' हे हिंदीतील 'जा रहा है' याचे भाषांतर आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. त्यात तथ्यांश आहे, पण तेवढ्याने समाधान होत नाही. रचनेचे घटक एकेक करून तपासू.

पहिला घटक 'राहणे' हा शब्द. हिंदीत 'रहना', गुजरातीत 'रहेवुं', दोन्हीकडे पहिले अक्षर ह्रस्व आहे. मराठीत ते दीर्घ आहे, आणि जुन्या मराठी ग्रंथांतही 'राहे', 'राहिले' अशीच दीर्घ रूपे येतात. वऱ्हाडीतही उच्चार 'राह्यला', 'रायला' असाच होतो. शब्द हिंदीतून उचललेला असता तर हा दीर्घ स्वर आला नसता. तेव्हा शब्द मराठीचा आहे, यात शंका नाही.

दुसरा घटक 'जाऊन' या रूपातील '-ऊन' हा प्रत्यय. महाराष्ट्री प्राकृतात पूर्वकालवाचक रूपे '-ऊण' प्रत्ययाने होत. मराठीचा '-ऊन' हा त्याचाच वंशज आहे. या प्राकृताशी वऱ्हाडचा संबंध जुना आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. तेथील वाकाटक शाखेचा संस्थापक सर्वसेन याने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचले, आणि द्वितीय विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटाचा मोठा भाग प्राकृतात आहे. हिंदीत 'रहा'च्या मागे 'जा', 'कर', 'खा' असा उघडा धातू येतो. वऱ्हाडी माणूस 'जा राह्यला' असे म्हणत नाही, तो 'जाऊन राह्यला' असेच म्हणतो. म्हणजे साच्याचे हिंदीशी साम्य असले, तरी त्यात ओतलेला धातुरस घरचा आहे.

तिसरा घटक 'राह्यला' या भूतकाळी रूपाचा वर्तमान अर्थ. 'मी जाऊन राह्यलो' याचा अर्थ मी आता जात आहे, आणि तेथे 'आहे' जोडण्याची गरज पडत नाही. भूतकाळासाठी 'जाऊन राह्यलो होतो' असे म्हणतात, निषेधासाठी 'जाऊन नाही राह्यलो'. भूतकाळी रूपाने वर्तमान स्थिती सांगणे ही मराठीची स्वतःची सवय आहे. 'मला भूक लागली', 'तो दमला', 'दार उघडले' ही वाक्ये बोलताना आपण आत्ताची स्थिती सांगत असतो. भूक लागण्याची क्रिया घडून गेली, तिचा परिणाम समोर आहे. 'राह्यलो' याचेही तसेच. थांबण्याची क्रिया घडली, आणि मनुष्य त्या कामात आहे.

४

घटक मराठी असले तरी रचनेला बीज कोठून मिळाले? याचे उत्तर प्रमाण मराठीतच सापडते. 'तो बसून राहिला', 'लपून राहिला', 'टिकून राहिला', 'अडून राहिला', 'चिकटून राहिला' ही वाक्ये कोणत्याही प्रांतात शुद्धच मानली जातात. या सर्व क्रियापदांत एक समान गोष्ट आहे. बसणे, लपणे, अडणे या क्रिया क्षणात पुऱ्या होतात आणि त्यांच्यापासून उत्पन्न झालेली स्थिती पुढे चालू राहते. 'बसून' याने बसण्याची क्रिया पुरी झाल्याचे कळते, 'राहिला' याने बसलेली स्थिती टिकल्याचे कळते. अशा क्रियापदांत पूर्वकाल आणि सातत्य यांत विरोध उरत नाही.

वऱ्हाडीने केले ते एवढेच, की स्थितिवाचक क्रियापदांपुरता असलेला हा नियम तिने सर्व क्रियापदांना लावला. 'बसून राह्यला' यावरून 'वाचून राह्यला', 'लपून राह्यला' यावरून 'पळून राह्यला'. 'वाचणे' किंवा 'जेवणे' या क्रिया क्षणात पुऱ्या होणाऱ्या नसल्यामुळे तेथे '-ऊन' प्रत्ययाचा पूर्वकालवाचक अर्थ मावळला आणि केवळ सातत्य शिल्लक राहिले. या संक्रमणाची खूण आजही बोलीत दिसते. 'तो अकोल्याले जाऊन राह्यला' या वाक्याचे बाळापुरात दोन अर्थ होतात : तो अकोल्यास निघाला आहे, किंवा तो अकोल्यास जाऊन तेथे वस्तीला आहे. कोणता अर्थ घ्यावयाचा हे प्रसंगावरून कळते. जुना आणि नवा असे दोन्ही अर्थ एका वाक्यात शेजारी शेजारी नांदतात, तेथेच अर्थांतराचा पूल असतो, हे भाषेच्या इतिहासात वारंवार दिसून येते.

५

बीज घरचे असेल, तर मग ते पुण्याकडे का रुजले नाही? येथे भूगोल आणि इतिहास यांची मदत घ्यावी लागते.

प्रथम काळाची मर्यादा. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे इसवी सन १२७८ च्या सुमारास सिद्ध केले. त्या गद्यात 'राहिले' हे रूप थांबणे, मुक्काम करणे या अर्थी येते आणि चालू क्रियेसाठी '-त असे' ही रचना नित्याची आहे. म्हणजे तेराव्या शतकातील वऱ्हाडात हे काम 'असणे' या क्रियापदाकडे होते. 'राहणे'ने ते पुढे केव्हातरी आपल्याकडे घेतले.

या मधल्या काळात वऱ्हाडावर बहामनी, इमादशाही, निजामशाही अशा सत्ता येऊन गेल्या. १५९६ मध्ये अहमदनगरने वऱ्हाड मोगलांना दिला. अकबराचा पुत्र मुराद याने बाळापूर परिसरात आपले ठाणे केले आणि जवळच शाहपूर वसविले. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील बाळापूर त्या काळापासून मोगली लष्कराच्या वाटेवरील महत्त्वाचे स्थान झाले. नदीकाठची छत्री मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाते. १७२० च्या ऑगस्टमध्ये निजामुल्मुल्काने आलमअलीखानाचा पराभव केला, ती लढाई बाळापूरजवळच झाली. येथील किल्ल्याचे काम औरंगजेबाचा पुत्र आझमशाह याने आरंभिले व एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये ते पुरे केले, असे सांगितले जाते. नक्शबंदी सूफी परंपरेची खानकाहही या गावात आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला, तोपर्यंत येथे मराठीच्या शेजारी फार्सी, दखनी आणि पुढे उर्दू या भाषा अनेक पिढ्या नांदल्या. ज्या गावात मराठी बोलणारा आणि उर्दू बोलणारा एकाच बाजारात रोज सौदा करतो, तेथे दोघांच्या वाक्यांचे साचे एकमेकांजवळ येणे स्वाभाविक आहे.

परंतु येथेच थांबून 'मोगलांमुळे झाले' असे म्हणणे घाईचे होईल. लष्कर आणि दरबार शब्द देतात. 'तहसील', 'कचेरी', 'शिपाई' हे शब्द तसे आले, आणि ते पुण्यातही आले. वाक्याचा साचा बदलण्यास दीर्घ, दैनंदिन आणि घरगुती सहवास लागतो. शिवाय हिंदीतील 'रहा है' हा प्रयोगही फार प्राचीन नाही. तेथील जुन्या भाषेत 'जाता है' या रूपानेच नित्य व चालू असे दोन्ही अर्थ होत असत. म्हणजे हिंदीत ही रचना पूर्ण घडून मग ती वऱ्हाडात आयात झाली, असे सरळ चित्र काढता येत नाही.

नकाशाकडे पाहिले असता अधिक समाधानकारक चित्र दिसते. गुजरातीत 'करी रह्यो छे' असा प्रयोग आहे, आणि विशेष हे की 'करी रह्यो' याचा 'करून झाले' असाही अर्थ तेथे होतो. खानदेशात अहिराणी बोलणारा 'करी राहिना' म्हणतो. माळव्यात 'जई रियो' ऐकू येते, हिंदी प्रदेशात 'जा रहा', वऱ्हाडात व नागपूरकडे 'जाऊन राहिला'. पश्चिमेस गुजरातपासून पूर्वेस नागपूरपर्यंत, तापी आणि पूर्णा यांच्या खोऱ्यांतून आणि त्यांच्या उत्तरेकडील प्रदेशातून, हा एक सलग पट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील बाळापूर या पट्ट्यात अगदी सहज बसते. बुऱ्हाणपूर, खानदेश आणि वऱ्हाड यांना जोडणारा व्यापार आणि प्रवास याच प्रदेशातून चाले. या पट्ट्यातील प्रत्येक भाषेने 'राहणे'शी जोडावयाचे पूर्वकालवाचक रूप आपले स्वतःचे वापरले आहे : गुजराती व अहिराणीने '-ई', हिंदीने उघडा धातू, वऱ्हाडीने '-ऊन'. येथे एकाने दिले आणि दुसऱ्याने घेतले असे म्हणण्यापेक्षा शेजाऱ्यांनी मिळून एक सवय लावून घेतली, आणि प्रत्येकाने ती आपापल्या घरच्या सामग्रीने पुरी केली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

याला पूरक पुरावा पट्ट्याच्या दक्षिणेस मिळतो. बालाघाट ओलांडून मराठवाड्यात उतरले की चालू क्रियेसाठी 'करायलाय', 'जायलोय' अशी रूपे ऐकू येतात. ती 'लागणे' या क्रियापदापासून झालेली आहेत. प्रमाण मराठीत 'करू लागला' म्हणजे आरंभ केला, मराठवाड्यात त्याच मूळच्या रूपाने क्रिया चालू असल्याचे कळते. पुण्याकडे 'असणे', मराठवाड्याकडे 'लागणे', वऱ्हाडाकडे 'राहणे' : चालू क्रिया स्वतंत्रपणे दाखविण्याची गरज सर्व मराठी बोलींना भासली आणि प्रत्येकीने वेगळे क्रियापद निवडले. मराठवाड्याच्या निवडीला आपण हिंदीचे भाषांतर म्हणत नाही, कारण हिंदीत तसा साचा आपल्या परिचयाचा नाही. वऱ्हाडच्या निवडीला म्हणतो, कारण 'रहा है' आपल्या कानांवर असते. साम्य दिसले की उसनवारी ठरविण्याची ही पद्धत शास्त्रीय नव्हे.

६

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. 'राहणे' हा शब्द मराठीचा आहे व त्याचा मूलार्थ 'मागे उरणे' असा मानल्यास त्याच्या सर्व अर्थांची संगती लागते. '-ऊन राहणे' ही रचना स्थितिवाचक क्रियापदांपुरती सर्वत्र शुद्ध मराठी आहे. वऱ्हाडीने तिचा विस्तार सर्व क्रियापदांवर केला, तो तेराव्या शतकानंतर. या विस्ताराला तापी-पूर्णेच्या पट्ट्यातील भाषांच्या दीर्घ सहवासाने बळ दिले.

यातून दोन कर्तव्ये निघतात. पहिले कोशकारांचे. 'राहणे' या शब्दाखाली चालू क्रियेचा वाचक हा अर्थ, तो कोणत्या प्रदेशात चालतो याच्या निर्देशासह, देणे आवश्यक आहे. ज्या अर्थाने वऱ्हाडातील आणि नागपूरकडील लक्षावधी माणसे रोज बोलतात तो कोशात नसेल, तर उणेपणा कोशाचा आहे. १९०५ मध्ये भारतीय भाषांच्या ग्रिअर्सनप्रणीत सर्वेक्षणाचा सातवा खंड निघाला, त्यात वऱ्हाडी व नागपुरी बोलींना स्वतंत्र स्थान मिळाले. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन प्रत्यक्ष बोलणाऱ्यांकडून सामग्री गोळा केली आहे. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) सारख्या कादंबरीने ही बोली ललित वाङ्मयात आणल्यालाही आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. सामग्रीची वाण आहे अशी तक्रार आता करता येणार नाही.

दुसरे कर्तव्य अध्यापकांचे. बाळापूरच्या शाळेतील मुलगा 'मी लिहून राह्यलो' असे म्हणतो, तेव्हा त्याला प्रमाण रूप शिकविणे योग्यच आहे, कारण परीक्षा आणि कचेरी यांची भाषा ती आहे. पण ते शिकविताना 'हे हिंदी आहे, मराठी नव्हे' असे सांगणे ऐतिहासिकदृष्ट्या चुकीचे आहे. त्या वाक्यातील 'राहणे' जुन्या मराठी ग्रंथांतले आहे, आणि '-ऊन' हा प्रत्यय महाराष्ट्री प्राकृताकडून आलेला आहे. मुलाने आपली बोली टाकून दुसरी उचलावी असे त्याला सांगण्याऐवजी, एकाच क्रियापदाचे दोन प्रांतांतील दोन व्यवहार त्याच्यापुढे शेजारी मांडले, तर तो दोन्ही अधिक लवकर शिकेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या बोलीतील 'राहणे', 'लागणे', 'असणे' यांचे प्रयोग वाक्यांसह टिपून आणल्यास या पट्ट्याची दक्षिण सीमा गावागणिक आखता येईल. वाशीम, बुलढाणा आणि हिंगोली या जिल्ह्यांच्या सरहद्दीवर कोणत्या गावी 'करून राह्यला' संपते आणि 'करायलाय' सुरू होते, हे काम तेथील विद्यार्थीच उत्तम रीतीने करू शकतील.